कमी दर की जाणते हात? धरणदुरुस्तीचा कंत्राटदार कसा निवडतात

आपल्या या मालिकेत नियम आणि तारतम्य यांचा विषय अधूनमधून येतोच. आज तो आपण धरणाच्या भिंतीपाशी नेऊन तपासणार आहोत.

१२ जुलै १९६१ म्हटलं की पुणेकरांना पाणशेत आठवतं. अलीकडचं उदाहरण चिपळूण तालुक्यातल्या तिवऱ्याचं. २ जुलै २०१९ च्या रात्री ते धरण फुटलं आणि वीसच्या आसपास माणसं गेली. गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक केली. केंद्राच्या धरण पुनर्वसन प्रकल्पाच्या पुढच्या दोन टप्प्यांत ७३६ धरणं आणि १०,२११ कोटी रुपये आहेत. म्हणजे दोष शोधायची सोय झाली, पैसाही आला. आता प्रश्न असा की काम द्यायचं कोणाला?

आपल्याकडची रूढ पद्धत दोन लिफाफ्यांची. हल्ली ते लिफाफे संगणकावर असतात, एवढंच. पहिल्यात बयाणा रक्कम, पूर्वी केलेली तशीच कामं, उलाढाल, यंत्रसामग्री, अभियंते. त्यात जो अपात्र ठरला त्याचा दुसरा लिफाफा उघडायचाच नाही. दुसऱ्यात फक्त दर. पात्र ठरलेल्यांत ज्याचा दर सर्वांत कमी, तो 'एल-वन'. काम त्याचं.

या नियमाला नावं ठेवणं सोपं आहे. पण तो का आला, ते पाहू या. आकड्याशी हुज्जत घालता येत नाही. साहेबांचा मेहुणा असो की परका, आठ कोटी हे दहा कोटींपेक्षा कमीच. शिवाय प्रामाणिक अधिकाऱ्यालाही हा नियम वाचवतो. उद्या लेखापरीक्षण झालं तर त्याच्याकडे उत्तर असतं.

मग अडतं कुठे? ग्राउटिंगचं उदाहरण घ्या. धरणाच्या गळक्या भागात भोकं पाडून दाबाखाली सिमेंटचं पातळ मिश्रण भरतात. भोक बुजलं की आत काय गेलं, किती गेलं, हे वरून दिसत नाही. रस्त्याचं वाईट काम पहिल्याच पावसात उघडं पडतं. धरणाचं मात्र कदाचित वीस वर्षांनी, तेही जलाशय काठोकाठ भरलेला असताना.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी लिहिताना हेच दाखवलं: चांगलं आणि वाईट यातला फरक गिऱ्हाइकाला कळत नसेल तर चांगला माल बाजारातून निघून जातो. आपल्या ठेकेदारांच्या भाषेत बोलायचं तर जो तीस टक्के 'बिलो' जातो, तो उरतो.

यावर एक तोड म्हणजे गुणवत्तेलाही गुण देणं. एक काल्पनिक हिशेब करू या. 'अ'ला गुणवत्तेत ९० गुण, दर १० कोटी. 'ब'ला ७५ गुण, दर ८ कोटी. सर्वांत कमी दराला १०० गुण धरले तर 'अ'ला दराचे ८० मिळतात. गुणवत्तेला ८० टक्के वजन दिलं तर 'अ' ८८, 'ब' ८०. 'अ' जिंकला. तेच वजन ३० टक्के केलं तर 'अ' ८३ आणि 'ब' ९२.५. बरं का, माणसं तीच, दर तेच, फक्त वजन बदललं! म्हणजे खरा निर्णय लिफाफे उघडण्याच्या कितीतरी आधी झालेला असतो.

केंद्राच्या नियमांत हे ८० टक्के सल्लागारासाठीची कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्ष बांधकामासाठी ती ऑक्टोबर २०२१ पासून ३० टक्के आहे, तीही विशेष दर्जाची म्हणून ठरवलेल्या कामांपुरती. अमेरिकेत १९७२ चा ब्रुक्स कायदा आणखी पुढे जातो. संघराज्य सरकारला अभियांत्रिकी सल्ला हवा असेल तर आधी योग्यतेचा क्रम लावायचा आणि पहिल्याशी दराची बोलणी करायची. जमलं नाही तर दुसऱ्याला बोलवायचं.

आता तुम्ही विचाराल, गुण देणाराच विकला गेला तर? शंका रास्त आहे. 'समान स्वरूपाचं काम' या एका व्याख्येतच सगळी मेख असते. ती फार आवळली तर एकच कंत्राटदार बसतो. फार सैल केली तर फक्त रस्ते केलेलाही धरणावर येतो. म्हणून निकष आधी जाहीर हवेत, प्रत्येक परीक्षकाने गुण स्वतंत्र द्यावेत आणि कारणं लेखी नोंदवावीत. तारतम्य म्हणजे मनमानी नव्हे. ज्याची कारणं चारचौघांत मांडता येतात, तेच तारतम्य.

नुसता नियम अप्रामाणिकपणाची जागा कमी करतो, पण त्याबरोबर जाणकारीचीही जागा घालवतो. हे आपल्याला विसरून चालणार नाही. आणि निवड कितीही चोख झाली तरी भोकात सिमेंट जाताना तिथे उभा राहून नोंद करणारा अभियंता लागतोच.

आपल्यापुरतं काय करता येईल? निविदा सूचना जाहीर असतात. आपल्या गावावरच्या धरणाची निघाली तर किंमत नंतर पाहा; आधी 'समान काम' कशाला म्हटलंय, ते वाचा. तपासणीचा अहवाल माहिती अधिकारात मागा. भिंतीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांचा तेवढा हक्क आहे.

इथे थांबू या. प्रश्न असतील तर घेऊ.