खड्ड्यातला हिवाळा

बर्फाची खोली मोजायची म्हणजे पट्टी खुपसायची, एवढीच माझी समजूत होती. उत्तर स्वीडनमधल्या आबिस्को संशोधन केंद्राजवळ फावडं हाती आलं, तेव्हा कळलं की बर्फ खणावा लागतो, थेट जमीन लागेपर्यंत.

खड्ड्याच्या उभ्या कापात हिवाळा थराथरानं दिसतो. प्रत्येक थराचा कठीणपणा तपासायची जगभरची सोपी रीत आहे: मूठ आत जाते का? नाही, तर चार बोटं, मग एक बोट, मग पेन्सिल, शेवटी सुरी. माझी मूठ वरच्या भुसभुशीत थरात सहज गेली. खाली पेन्सिलही अडली. मधेच थंडी ओसरून बर्फ वितळला आणि पुन्हा गोठला, की असा कडक थर बनतो. त्याखालचं दगडफूल रेनडिअरला उकरता येत नाही आणि सामी पशुपालकांचे कळप उपाशी राहतात.

आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला, तोर्नेत्रेस्क सरोवराकाठी असलेलं हे ठिकाण आपल्या माणदेशासारखं पर्जन्यछायेत आहे. हवामानाच्या नोंदी १९१३पासून आहेत, बर्फाच्या थरांच्या १९६१पासून. पूर्वी इथलं वार्षिक सरासरी तापमान बहुधा शून्याखाली असे; अलीकडच्या दशकांत ते शून्य ओलांडू लागलंय. कडक थरही वाढलेत. एकदोन हिवाळ्यांवरून हे कळलं नसतं.

तुमच्या शाळेत किंवा साखर कारखान्यात पावसाच्या नोंदींची जुनी वही असेल, तर कृपा करून ती रद्दीत घालू नका.