दोन दारांचे हॉटेल

पोलादपूरच्या स्टँडात गाडी शिरली की कंडक्टर दारात उभा राहून सांगतो, "दहा मिनिटं हां, दहाच!" ही दहा मिनिटे घड्याळातली नसतात. ड्रायव्हरचा चहा झाला, त्याने तोंडावर पाणी मारले, गाडीभोवती एक फेरी घातली, की दहा मिनिटे संपली. तेवढ्यात पन्नास माणसांनी उतरायचे, वडा मागायचा, तो गरम आहे का म्हणून विचारायचे, सुट्या पैशांवरून हुज्जत घालायची आणि बेल वाजायच्या आत आपली खिडकी परत धरायची. बाहेर खाण्याविषयी माझी जी काही मते आहेत, ती बहुतेक अशा दहा-दहा मिनिटांत तयार झालेली आहेत. पुढे तीस वर्षे यंत्रांचे सुटे भाग विकत गावोगाव हिंडलो, तेव्हा त्या मतांना जरा पक्केपणा आला, एवढेच.

आमचे गाव पोलादपूर तालुक्यात, आणि घर लालबागच्या चाळीत. वडील गिरणीत. सत्तरच्या दशकात दर मे महिन्यात एस.टी.ने गावी जायचे. गाडी महाडला थांबे, पोलादपूरला थांबे. वडील आणि मी उतरायचो. आई मात्र जागची हलायची नाही. फडक्यात बांधलेली तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी काढून ती खिडकीशी बसून खायची. मी हातात भज्यांचा पुडा घेऊन वर गेलो की त्यातले एक भजे चाखून म्हणायची, "तेल जुनं आहे." आणि तिचे बरोबर असायचे.

गंमत अशी की हीच बाई मुंबईत चौदा माणसांची खानावळ चालवत होती. आमच्या एका खोलीत दोन पंगती उठायच्या. पहिल्या पाळीचे मेंबर आणि दुसऱ्या पाळीचे मेंबर. सगळे पोलादपूर, महाड, खेडकडचे, गाळ्यात वळकटी टाकून राहणारे. भात, आमटी, बोंबील नाहीतर वालाची उसळ, आणि पगाराच्या रविवारी मटण. गिरणगावात अशा शेकडो बायका होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते याच बायकांसाठी, सावकाराच्या तावडीतून त्यांना सोडवण्यासाठी. साऱ्या मुंबईच्या गिरण्या ज्यांच्या भातावर चालत होत्या, त्या बायका स्वतः कधी हॉटेलात बसल्या नाहीत. आईला मी एकदा विचारले होते. ती म्हणाली, "बाईमाणसानं हाटेलात बसायचं काय? आणि बसून करायचं काय?"

तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. महाडच्या त्या काळच्या हॉटेलात एक लांब टेबल, दोन्ही बाजूंना बाकडी, काचेच्या कपाटात शेव, बुंदीचे लाडू आणि सकाळची भजी, भिंतीवर कॅलेंडर आणि 'उधार बंद आहे'ची पाटी. बायकांना मनाई आहे असे पाटीवर कुठेच नव्हते. फक्त एखादी बाई उंबऱ्यात आली की बाकड्यावरची चाळीस डोकी एकदम वर व्हायची. तेवढे पुरे होते.

म्हणून हॉटेलाची परीक्षा करताना मी आधी पदार्थ पाहत नाही. कोण बसले आहे ते पाहतो. एकटी बाई बसली आहे का? डोक्यावरचे ओझे दाराशी ठेवून हमाल आत आला आहे का? म्हातारा माणूस एका चहावर अर्धा तास काढतो आहे आणि त्याला कुणी उठवत नाही, असे दिसते का? चव त्यानंतर. (आईला हे पटले नसते. तिची परीक्षा एकच, भात कसा उपसला आहे.)

या मापाने पाहिले तर मुंबईचा इराणी सगळ्यांत मोठा. आता थोडेच उरले आहेत. क्यानी १९०४ पासूनचे, ब्रिटानिया १९२३ पासूनचे. त्यांचा बनमस्का आणि बेरी पुलाव यांवर पुष्कळ लिहून झाले आहे. मला त्यातले संगमरवरी टेबल मोलाचे वाटते. इराण्याकडे एका टेबलावर वकील, टॅक्सीवाला आणि नुकताच गावाहून आलेला पोरगा बसू शकत होता. एका चहावर नोकरीचे अर्ज लिहून होत. पुण्यात ही मोकळीक डेक्कनवरच्या गुडलकने दिली, १९३५ पासून. एरवी पुण्याच्या खानावळीचा माझा अनुभव वेगळा आहे. जेवण चोख, आमटी घरच्यासारखी, पण शेवटची पोळी ताटात पडते न पडते तोच पुढचे गिऱ्हाईक आपल्या खुर्चीमागे येऊन उभे. त्याची नजर मानेवर असताना मठ्ठा गोड लागत नाही. कोल्हापूरकडे तांबडा-पांढरा रस्सा मागाल तितका वाढतात, आणि वाढणारा आग्रह करतो तो खरा करतो. नागपूरच्या सावजीच्या तिखटाने माझ्यासारख्या कोकण्याची बोलती बंद होते. पण दोन्हीकडे रात्री नवानंतर आत बघावे, सगळे पुरुषच.

आणि मग पणजी. पहिल्यांदा गेलो तेव्हा एका छोट्या बारमध्ये शिरलो. चार टेबले. एका टेबलावर फेणीचा ग्लास पुढे घेऊन एक गृहस्थ, शेजारी त्यांची बायको, शाळेच्या गणवेशातली नात आणि काळ्या कपड्यातली म्हातारी आजी. आजी सूप पीत होती. कुणी कुणाकडे पाहत नव्हते. मी महाराष्ट्रातून आलेलो, मीच आपला चोरासारखा भिंतीकडे तोंड करून बसलो.

आपल्याकडे बार म्हणजे अंधार. त्याला कारणेही आहेत. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने पिणे चोरटे केले, तेव्हाचे आँटीचे अड्डे आमच्या गिरणगावाने पुष्कळ पाहिले. पुढे बंदी सैल झाली, तरी कायद्याने पिणाऱ्याकडे परवाना हवा तो हवाच. म्हणून आपल्या पाटीवर 'परमिट रूम' असते. काळी काच, लाल दिवा, आत शिरल्यावर दोन मिनिटे काही दिसत नाही. आणि खेदाची गोष्ट अशी की महाड काय किंवा आमचे पोलादपूर काय, मासे नीट तळायचे कसब मला बहुतेक याच अंधारात सापडले आहे. कुरकुरीत बोंबील, ताजी कोळंबी, कोथिंबीर घातलेली सोलकढी. पिणारा माणूस चखण्याच्या बाबतीत चिकित्सक असतो, त्यामुळे आचारी तिकडे चांगला ठेवतात. दर्शनी भागात कुटुंबाला मात्र लाल रश्श्यातले पनीर आणि न फुगलेली पुरी.

नव्वदच्या दशकात यावर तोडगा निघाला तो फॅमिली रूमचा. महामार्गावरच्या अशाच एका हॉटेलात बायको-मुलींना घेऊन गेलो होतो. पोऱ्याने आम्हाला जिन्यावरून वर नेले. प्लायवूडचे खोकडे, पुढे मळका पडदा, पंखा नाही. आम्ही सांगितलेले जेवण पाऊण तासाने आले, आणि पडद्यामागे कोण बसले आहे हे खाली कुणाच्या लक्षातच नव्हते. धाकटी म्हणाली, "बाबा, आपण काही चुकलंय का?" मी उत्तर दिले नाही. तिच्या आजीला चाळीस डोक्यांनी आत येऊ दिले नाही, हिला पडद्याआड बसवले. प्रगती झाली म्हणायची.

हे महाडला घडावे, याचे मला जास्त वाटते. कोण कुठे बसेल आणि कोण कुठले पाणी पिईल, याचा झगडा या देशात जिथे उभा राहिला ते हे गाव. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे मंडळात १९२३ मध्ये झाला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले केले, पण कागदावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. हे सर्वांना ठाऊक असते. त्यानंतर जे घडले ते जेवणाशी निगडित आहे आणि ते कमी सांगितले जाते. ही मंडळी आता देवळात शिरणार अशी आवई उठली आणि जमाव परिषदेच्या मंडपात घुसला. जेवणाची वेळ होती. मारहाण झाली आणि अन्न मातीत मिळवले गेले. तळ्याचा खटला पुढे दहा वर्षे चालला. उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी आला.

राज्यघटनेचे पंधरावे कलम कधी वाचून पाहा. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत प्रवेशाला आडकाठी नको, असे ते सांगते, आणि लगेच पुढच्या ओळीत विहिरी, तलाव, स्नानाचे घाट येतात. जातीबरोबर त्यात लिंगभेदाचाही उल्लेख आहे. तळे आणि हॉटेल शेजारी-शेजारी. कलम लिहिणाऱ्यांना दोन्ही दारांची चांगली ओळख होती. खेडोपाडीच्या हॉटेलांतून वेगळी कपबशी पुढेही कित्येक वर्षे बाहेर कोनाड्यात राहिली, ती माझ्या पिढीनेही पाहिली आहे. आता २० मार्चला महाडला जावे. लांबलांबून आलेली कुटुंबेच्या कुटुंबे, नऊवारीतल्या आज्या, पोरे, सगळी हॉटेलांच्या बाकड्यांवर ऐसपैस बसलेली असतात. त्या दिवशी वडा फारसा चांगला नसतो, गर्दीच तेवढी असते. पण माझ्या मापाने महाडचे हॉटेल वर्षातून त्या दिवशी पहिल्या नंबराचे.

एरवी या दोन गावांच्या हॉटेलांची काळजी वेगळीच आहे. त्यांचा धंदा रस्त्यावर, आणि रस्ता त्यांचे ऐकत नाही. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. महाडला निदान वीर स्टेशन जवळ आले, पोलादपूरच्या वाट्याला तेही नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१६ च्या निकालाने महामार्गापासून पाचशे मीटरमधली दारू १ एप्रिल २०१७ पासून बंद झाली. लहान गावांना अंतर दोनशे वीस मीटर. तेव्हा बारवाल्यांच्या तोंडी टेप आणि मीटर याशिवाय विषय नव्हता. अंतर मोजायचे ते पुढच्या दारापासून की मागच्या? जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने शहरांच्या हद्दीतल्यांना हा आदेश लागू नसल्याचा खुलासा केला. २०२२ मध्ये बारला गडकिल्ल्यांची आणि थोर पुरुषांची नावे देण्यास राज्याने मनाई केली. रायगडाच्या पायथ्याच्या तालुक्यात हे कायद्याने सांगावे लागू नये, असे मला वाटते.

आणि २०२१ चा जुलै. २२ तारखेच्या रात्री सावित्री महाडच्या बाजारपेठेत शिरली. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. आठवड्याभराने मी गेलो. ओळखीच्या हॉटेलवाल्याच्या दुकानात पिठाच्या गोण्यांचा चिखल झालेला, फ्रीज आडवा पडलेला, बाकडी रस्त्यावर वाळत घातलेली. तो फळीवर स्टोव्ह मांडून चहा करत होता. येईल त्याला देत होता, सफाईला आलेल्या पोरांना, पोलिसाला, शेजारच्या घरातल्या बायकांना. त्या बायका चिखलात गुडघाभर उभ्या राहून भर रस्त्यात चहा पीत होत्या. कुणीही मान वर करून पाहिले नाही. सर्वांना एकसारखाच बिनदुधाचा चहा होता. मी पैसे काढले, तर तो म्हणाला, "काका, गल्लाच वाहून गेला. ठेवू कुठे?"

पोलादपूरला पूर आला नाही, पण बोगदा आला. २०२३ च्या गणपतीत कशेडीच्या बोगद्यातून हलकी वाहने सोडली. पूर्वी घाट चढायच्या आधी पोलादपूरला चहा, आणि उतरणारे घाट संपला म्हणून चहा. अर्ध्या-पाऊण तासाचा तो घाट आता काही मिनिटांत संपतो, मग चहाची तलफ यायची कुणाला? मुंबईचा गाडीवाला थेट खेडला जाऊन थांबतो. जिथे थांबतो तिथे काचेचे मोठे फूड मॉल, स्वच्छतागृह चांगले, बायकांना बसायला मोकळी जागा, हे मी नाकारत नाही. आईला तिथे नक्की नेले असते. पण साध्या चहाचा जो भाव तिथे लावतात, त्यात आमचा हमाल दाराशीसुद्धा येणार नाही. एस.टी.ने तीस रुपयांत चहा-नाश्त्याची योजना काढली होती, तीही थांब्यावरच्या हॉटेलवाल्यांना मागावीच लागते, आपण होऊन ते देत नाहीत.

आईला एकदा हॉटेलात बसवलेच. १९९६ ची गोष्ट. संपात खानावळ बुडून तेव्हा चौदा वर्षे झाली होती. १९८२ च्या जानेवारीत गिरण्या थांबल्या, मेंबर एकेक करून गावी गेले, काहींची उधारी अजून आईच्या वहीत आहे. पोलादपूरला गाडीचा पाटा तुटला आणि दुसरी गाडी येईपर्यंत तीन तास बसायची पाळी आली. पाऊस कोसळत होता. नाइलाजाने ती स्टँडाजवळच्या हॉटेलात आली आणि भिंतीच्या कडेला बसली. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याने तिच्याकडे दोनदा पाहिले, मग उठून जवळ आला. "वयनी, तुमी लालबागच्या ना?" हा दोन वर्षे आमच्या दुसऱ्या पंगतीला जेवत होता. संपानंतर गावी येऊन त्याने हे हॉटेल टाकले होते. त्याने भात वाढला, वालाची उसळ वाढली आणि समोर उभा राहिला. आईने शीत दाबून पाहिले. म्हणाली, "एक वाफ कमी आहे." त्याने पैसे घेतले नाहीत. तिनेही, बहुधा वहीतली काही उधारी मनातल्या मनात खोडली असावी.

ते हॉटेल आता त्याचा मुलगा चालवतो. गेल्या महिन्यात गेलो होतो तेव्हा दुपारच्या वेळी मी एकटाच गिऱ्हाईक. त्याने कागदावर काढलेला नकाशा दाखवला. महामार्गाला लागून, भोगावच्या अलीकडे, त्याला जागा मिळते आहे. हॉटेल आणि परमिट रूम, दोन्ही करायचा विचार आहे.

"काका, तुम्ही एवढे फिरलात, सांगा. दारं दोन ठेवू की एकच? फॅमिलीला वेगळं?"

"एकच ठेव," मी म्हटले. "आणि आतला दिवा जरा मोठा लाव."

त्याने नकाशावरचे मागचे दार पेन्सिलीने खोडले. थोडा वेळ पाहिले आणि पुन्हा काढले.

"मोठा दिवा लावला, काका, तर बारचं गिऱ्हाईक आत येत नाही. आणि बारला गिऱ्हाईक नसलं, तर मासे तळायला आचारी परवडत नाही."

बाहेर गाडी लागली होती. कंडक्टर दारात उभा राहून दहा मिनिटे म्हणाला. उतरणाऱ्यांत पाठीवर सॅक घेतलेल्या दोन कॉलेजच्या मुली होत्या. त्या सरळ आत आल्या, मधल्या टेबलावर बसल्या आणि विचारू लागल्या, "काय गरम आहे?"