ई-रिक्षा : कायदा झाला, व्यवस्थेचे काय?

नवी दिल्ली : सायंकाळी मेट्रोच्या पायऱ्या उतरणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याचे घर अजून दोन किलोमीटरवर असते. बसची वाट पाहण्यात वेळ जातो आणि ऑटोचालक एवढ्या जवळच्या भाड्याला सहसा राजी नसतो. राजधानीतील ही उणीव ई-रिक्षाने भरून काढली. तिच्या उपयुक्ततेविषयी आता वाद उरलेला नाही. वाद आहे तो तिला शिस्तीत सामावून घेण्याच्या शासनाच्या तयारीविषयी.

२०१० च्या सुमारास ही तीनचाकी दिल्लीत दिसू लागली, तेव्हा कायद्याच्या लेखी तिचे स्थान संदिग्ध होते. २५० वॅटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरहून कमी वेगाच्या विजेरी वाहनांना मोटार वाहन नियमांतून सूट होती. त्या आडोशाने ई-रिक्षा धावू लागल्या. परंतु चार-पाच प्रवासी ओढायला एवढी शक्ती पुरणार कशी? मोटारी प्रत्यक्षात अधिक शक्तीच्या होत्या. नोंदणी नाही, विमा नाही. मग अपघातग्रस्ताने भरपाई मागावी कोणाकडे? ३१ जुलै २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावर बंदी घातली.

बंदीमुळे गरीब चालकांच्या पोटावर पाय आला आणि राजकीय चक्रे वेगाने फिरली. केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांच्या मंत्रालयाने ऑक्टोबर २०१४ मध्ये नियम बदलले. चालकाखेरीज चार प्रवासी, ४० किलो सामान आणि ताशी २५ किलोमीटर वेग, अशी मर्यादा ठरली. जानेवारी २०१५ मध्ये वटहुकूम निघाला आणि मार्चमध्ये दोन्ही सभागृहांनी विधेयक संमत केले. व्यावसायिक परवान्यापूर्वी हलके वाहन चालविण्याच्या वर्षभराच्या अनुभवाची अट या चालकांपुरती शिथिल झाली.

व्यवहाराच्या कसोटीवर मंद वेग हेच या वाहनाचे बळ आहे आणि तीच त्याची मर्यादाही. वस्तीतील अरुंद गल्लीत ताशी २५ किलोमीटर पुरेसे होतात. वेगवान मोटारींच्या हमरस्त्यावर तोच वेग धोक्याचा ठरतो. दिल्लीतील अनेक प्रमुख रस्त्यांवर ई-रिक्षांना मज्जाव आहे तो म्हणूनच. दुसरी अडचण बॅटरीची. शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या स्वस्त, पण जड असतात. त्या भारित व्हायला रात्र जाते आणि त्या लवकर निकामी होतात. अनधिकृत भट्ट्यांत त्या वितळवल्या, की धूर टळल्याचे समाधान शिशाच्या विषाने फिके पडते. लिथियमची बॅटरी अधिक टिकते; मात्र रोजच्या भाड्याने रिक्षा घेणाऱ्याला तिची किंमत परवडावी कशी?

संसदेने या वाहनाला ओळख दिली. थांबे, अधिकृत चार्जिंग आणि जुन्या बॅटऱ्यांचे संकलन यांसाठी मात्र नवा कायदा नको, अंमलबजावणी हवी. ती होत नाही तोवर मेट्रोच्या दारातील कोंडीचा दोष एकट्या चालकाच्या माथी मारणे न्याय्य ठरणार नाही.