बापाला कारण विचारणारी मुलं

उत्तर बेलफास्टमधल्या आर्डॉइनमध्ये होली क्रॉस नावाची मुलांची प्राथमिक शाळा आहे. वस्ती कष्टकऱ्यांची, कॅथलिक; दोन समाजांना वेगळं ठेवणाऱ्या भिंतीपलीकडे प्रोटेस्टंट. उत्तर आयर्लंडच्या तीस वर्षांच्या संघर्षात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली. १९९८च्या गुड फ्रायडे करारानं बंदुका बऱ्याचशा थांबल्या, भिंती तशाच राहिल्या. २००१ मध्ये याच भागातल्या होली क्रॉसच्या मुलींच्या शाळेतल्या चिमुरड्या शिव्या ऐकत, पोलिसांच्या कड्यातून शाळेत जात होत्या.

अशा ठिकाणी मुख्याध्यापक केविन मॅकआरेव्ही यांनी मुलांना तत्त्वज्ञान शिकवायला घेतलं. सॉक्रेटिसासारखे प्रश्न, राग आवरण्यासाठी रोमन तत्त्वज्ञ सेनेका. 'यंग प्लेटो' (२०२१) या माहितीपटात हा वर्ग दिसतो. कुणी मारलं तर उलट मारायचं, असं एका मुलाला घरून सांगितलेलं असतं. सर त्याला 'वडिलांचं चुकतंय' असं सांगत नाहीत. स्वतःच बापाची भूमिका घेतात आणि मुलाला आपलं म्हणणं मांडायला लावतात. 'मला पटत नाही, कारण...' एवढं वाक्य पुरं करताना त्या पोराचा कस लागतो. मला हा खरा नागरिकशास्त्राचा तास वाटतो. परक्यांबद्दल चार चांगले शब्द पाठ करून घेणं सोपं असतं. आपल्याच माणसाला, त्याचा मान राखून, कारण विचारणं कठीण. दुभंगलेल्या समाजात वैर घरातूनच वारशानं येतं, म्हणून प्रश्नही तिथूनच सुरू व्हायला हवा.

मुलांसोबत तत्त्वज्ञान करण्याची ही परंपरा अमेरिकेत मॅथ्यू लिपमन यांनी १९७०च्या दशकात रुजवली. विद्यापीठात तर्कशास्त्र शिकवताना त्यांना वाटू लागलं होतं, की इथवर येईपर्यंत फार उशीर झालेला असतो.

एक उणीव मात्र मोठी आहे. होली क्रॉसच्या वर्गात बहुतेक मुलं एकाच बाजूची. दोन्ही समाजांची मुलं एकत्र शिकावीत म्हणून पालकांनी १९८१ मध्ये लगन कॉलेज ही शाळा काढली. तरी आजही दहातलं एक मूलसुद्धा अशा एकात्मिक शाळेत जात नाही. २०२२च्या कायद्यानं या शाळांना पाठबळ देण्याची जबाबदारी शिक्षण खात्यावर टाकली आहे. ती नेटानं पार पाडली गेली, तर 'मला पटत नाही, कारण...' हे वाक्य आर्डॉइनच्या मुलाला पलीकडच्या मुलाकडूनही ऐकावं लागेल, आणि त्याला उत्तर द्यावं लागेल.