कलप, अ‍ॅलर्जी आणि प्रयोगशाळेतील कातडी

गेल्या आठवड्यात एक गृहस्थ दवाखान्यात आले. केसांना कलप लावल्यानंतर दुसऱ्या दिवशी कपाळ लाल झाले, पापण्या सुजून डोळे मिटले. कलपाचे खोके पुढे करून म्हणाले, "डॉक्टर, यावर 'मानवी त्वचेच्या नमुन्यावर तपासलेले' असे छापले आहे. शिवाय आधी तीनदा लावला, तेव्हा काही झाले नाही. मग आताच का?"

प्रश्न रास्त आहे. आधी हा नमुना म्हणजे काय ते पाहू. १९७५ साली अमेरिकेत राइनवाल्ड आणि ग्रीन या शास्त्रज्ञांनी मानवी त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याची पद्धत दाखवली. या पेशी बारीक छिद्रांच्या पडद्यावर ठेवून खालून पोषक द्रव आणि वरून हवा दिली, की थरावर थर चढतात. दोन-तीन आठवड्यांत आपल्या कातडीसारखा वरचा टणक थरही तयार होतो. त्यावर पदार्थ लावून, धुऊन, किती पेशी जगल्या ते मोजतात. निम्म्या किंवा त्याहून कमी जगल्या, तर पदार्थ दाहक ठरतो. भारतात २०१४ पासून सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास बंदी आहे. त्यामुळे अशा नमुन्यांचे महत्त्व वाढले.

पण या साध्या नमुन्यात रक्तवाहिन्या नसतात, रोगप्रतिकारक पेशीही नसतात. पदार्थ त्वचा जाळतो का, हे तो सांगतो. तुम्हाला त्याची अ‍ॅलर्जी आहे का, हे सांगत नाही. अ‍ॅलर्जी हा ज्याच्या-त्याच्या शरीराचा मामला. बऱ्याच कलपांतील 'पीपीडी' या रसायनाशी शरीराचे वैर काही वापरांनंतरही जडू शकते. या गृहस्थांचे तेच झाले.

२०२० साली अमेरिकेतील संशोधकांनी मूळ पेशींपासून केसांच्या मुळांसकट त्वचा वाढवली. त्याला चार-पाच महिने लागले. हे अजून संशोधनच आहे. टकलावरचा इलाज म्हणून कोणी विकत असेल, तर फसू नका.

वाचकांनी एवढे करावे: प्रत्येक वेळी कलप लावण्यापूर्वी ४८ तास आधी खोक्यावरील सूचनेप्रमाणे कानामागे थोडा लावून पाहावा. खाज किंवा लाली आली तर वापरू नये. कलपाने किंवा काळ्या मेंदीने पूर्वी त्रास झाला असेल, तर घरी प्रयोग नको, त्वचारोगतज्ज्ञांना विचारावे. चेहरा सुजला वा श्वास लागला, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे.