उपग्रहाला अर्थिंग कुठून मिळणार?

आपल्या मेसमधल्या फ्रीजच्या प्लगला दोन बारीक पिना असतात आणि तिसरी जाड. ती अर्थिंगची. नको असलेली वीज तिच्यावाटे जमिनीत जाते आणि आपण शॉकपासून वाचतो. पण जमिनीपासून ३५,७८६ किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहाने आपली वीज कुठे सोडायची? प्रश्न गमतीचा वाटतो, पण त्यापायी कोट्यवधी रुपयांचे उपग्रह गोत्यात आले आहेत.

अवकाश म्हणजे पोकळी, असे आपण उत्तरपत्रिकेत लिहितो आणि त्याला मार्कही मिळतात. प्रत्यक्षात तिथे अतिशय विरळ प्लाझ्मा असतो, म्हणजे सुटे इलेक्ट्रॉन आणि धनभारित आयन. प्रोटॉनपेक्षा इलेक्ट्रॉन सुमारे १,८३६ पट हलका. त्यामुळे तापमान सारखे असले तरी तो सुमारे ४३ पट वेगाने पळतो. साहजिकच उपग्रहावर आयनांपेक्षा इलेक्ट्रॉन जास्त आदळतात आणि उपग्रह ऋणभारित होत जातो. दिवसा हे फारसे जाणवत नाही, कारण उन्हातले अतिनील किरण त्याच्या पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर काढतात आणि हिशेब जुळतो.

सावलीत मात्र ही सोय नाही. मार्च आणि सप्टेंबरमधल्या विषुवदिनांच्या आसपास भूस्थिर उपग्रह रोज मध्यरात्रीच्या सुमारास पृथ्वीच्या सावलीत शिरतो, जास्तीत जास्त ७२ मिनिटे. चुंबकीय वादळात तापलेले इलेक्ट्रॉनही नेमके रात्रीच्याच बाजूने येतात.

याचा विक्रम ज्या उपग्रहाच्या नावावर आहे, त्याचे कर्नाटकाशी नाते आहे. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर भारताला वापरायला मिळाला होता. ‘साइट’ नावाच्या त्या प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत टीव्हीचे कार्यक्रम पोहोचले. त्यात आपल्या राज्यातले विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हेही होते. याच एटीएस-६ वर सावलीत असताना एकदा उणे १९,००० व्होल्टची नोंद झाली. व्होल्टमीटरची दुसरी तार जोडायला तिथे जमीन नाही, मग हे मोजले कसे? मला हा भाग सगळ्यात आवडला. ऋणभारित उपग्रह धन आयनांना स्वतःकडे खेचतो, आणि खेचले जाताना त्यांची ऊर्जा वाढते. मंदातला मंद आयनही किती ऊर्जेने येऊन आदळतो ते पाहिले की उपग्रहाचा विभव कळतो.

आणि एवढे होऊनही एटीएस-६ नष्ट झाला नाही! कारण संपूर्ण उपग्रह एकाच विभवावर असेल, तर ठिणगी पडायला जागाच नसते. विजेच्या तारेवर बसलेल्या कावळ्याला काही होत नाही, तसेच. खरा धोका दोन भागांमधल्या विभवांतराचा. उपग्रहाची एक बाजू उन्हात शून्याजवळ असते, तर सावलीतला प्लास्टिकचा किंवा काचेचा विद्युतरोधक भाग हजारो व्होल्ट ऋण झालेला असतो. मग मध्येच ठिणगी उडते. ती सौर पट्टी जाळू शकते किंवा संगणकाला खोटा संदेश देऊ शकते. ५ एप्रिल २०१० रोजी चुंबकीय वादळात गॅलेक्सी-१५ हा दूरसंचार उपग्रह जमिनीवरून दिलेले हुकूम ऐकेनासा झाला. प्रक्षेपण मात्र चालूच! तसाच तो इतर उपग्रहांच्या जागांवरून सरकत राहिला. डिसेंबरमध्ये बॅटरी पूर्ण उतरली, तेव्हा कुठे तो पुन्हा सुरू होऊन ताब्यात आला. अशा ठिणगीवरच तज्ज्ञांचा मुख्य संशय आहे.

आपल्या नौदलासाठी बनवलेला जीसॅट-७ (२०१३) आणि हवाई दलाचा जीसॅट-७ए (२०१८) याच उंचीवर आहेत. दोन्ही इस्रोचे. जहाज बिघडले तर गोदीत आणता येते, पण तिथे मेकॅनिक पाठवता येत नाही. त्यामुळे जो काही बंदोबस्त करायचा तो उड्डाणाआधी, जमिनीवरच. आपल्या बेंगळुरूतल्या यू. आर. राव उपग्रह केंद्रात उपग्रहांची जुळणी होते. तिथल्या फोटोंत उपग्रहाभोवती सोनेरी पांघरूण दिसते. ते उष्णतेसाठी असते, पण अशा पांघरुणाचे धातूचे थरही उपग्रहाच्या सांगाड्याला तारेने जोडावे लागतात. एक जरी थर सुटा राहिला, तरी तो वेगळा भारित होऊ शकतो. जमीन नाही, म्हणून सांगाड्यालाच जमीन मानायचे.

सौर पट्टीवरच्या काचेचे काम अवघड. तिच्यातून ऊन आत गेले पाहिजे आणि वरचा भार वाहूनही गेला पाहिजे. त्यासाठी इंडियम टिन ऑक्साइडचा पारदर्शक, सुवाहक थर वापरता येतो. मोबाइलच्या टचस्क्रीनमध्येही हाच असतो. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत निर्वात टाकीत प्लाझ्मा तयार करून सौर पट्ट्यांवर मुद्दाम ठिणग्या पाडल्या जातात. कोणत्या कोपऱ्यात, किती व्होल्टला ठिणगी पडते, हे तिथे आधीच पाहून घेता येते.