बावन्नाव्या वर्षी, अळ्यांच्या मागे

निवृत्तीचं वय ही माणसानं अगदी अलीकडे ओढलेली रेघ आहे. जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारनं १८८९ मध्ये म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा केला, तेव्हा वयाची अट ७० होती. आपल्याकडे राज्य सरकारच्या बहुतेक कर्मचाऱ्यांच्या हाती ५८ व्या वर्षी शाल-श्रीफळ येतं. बाई नोकरीत असेल तर त्याच्या चार-पाच वर्षं आधीपासूनच शेजारीपाजारी विचारू लागतात, "मग आता पुढे काय?" विचारणाऱ्यांकडे उत्तर तयारच असतं: नातवंडं, देवदर्शन, फार तर एखादी सहल.

या प्रश्नाला मला ठाऊक असलेलं सगळ्यांत चक्रावून टाकणारं उत्तर त्या जर्मन कायद्याच्याही १९० वर्षं आधीचं आहे. १६९९ साली ॲम्स्टरडॅममध्ये मारिया सिबिला मेरियन नावाच्या ५२ वर्षांच्या बाईनं आपली २५५ चित्रं विकायला काढली, मृत्युपत्र करून लेकींच्या नावे सगळं लिहून ठेवलं आणि २१ वर्षांच्या धाकट्या मुलीला, डोरोथेआला, घेऊन ती दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला जाणाऱ्या जहाजात बसली. प्रवास दोन महिन्यांचा होता. जायचं कारण होतं अळ्या.

त्या काळी युरोपातली बाई समुद्र ओलांडायची ती नवऱ्यामागून, नाहीतर धर्मकार्यासाठी. केवळ निसर्ग पाहायला, पदरचे पैसे घालून एवढ्या लांब पुरुषसुद्धा क्वचितच जात. शिवाय बावन्न म्हणजे त्या काळचं म्हातारपणच. तरीही, हा निर्णय एका रात्रीत झालेला नव्हता, आणि मला त्यातलं तेच सर्वांत मोलाचं वाटतं.

मारियाचा जन्म १६४७ चा, फ्रँकफर्टचा. वडील नावाजलेले कोरीव चित्रकार आणि प्रकाशक, पण ती तीन वर्षांची असतानाच गेले. सावत्र वडील फुलांची चित्रं काढत. रंग हाताळायला ती त्यांच्या घरात शिकली. तेराव्या वर्षी तिनं रेशमाचे किडे पाळले. तुतीची पानं घालायची, पाहायचं, चित्र काढायचं. किडेमकोडे चिखलातून, कुजलेल्या मांसातून आपोआप उपजतात असं तेव्हा भलेभले विद्वान मानत. इटलीतल्या फ्रान्चेस्को रेदीनं मांसाच्या बरण्यांवर कापड बांधून, माशीनं अंडी घातल्याशिवाय त्यात अळ्या होत नाहीत, हे दाखवलं १६६८ मध्ये. ही पोर त्याच्या आठ वर्षं आधीपासून एकाच किड्याचा अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास नोंदवत होती.

पुढे लग्न झालं, दोन मुली झाल्या, न्यूरेम्बर्गला संसार झाला. श्रीमंतांच्या मुलींना ती चित्रकला आणि भरतकाम शिकवी, रंग विके. विद्यार्थिनींच्या बागांमध्ये शिरायची मुभा मिळे आणि तिथून अळ्या गोळा होत. या कामात एक मोठी अडचण असते, ती प्रत्यक्ष पाळणाऱ्यालाच कळते. बहुतेक अळ्या भलतं पान तोंडात घेत नाहीत; आपलं झाड मिळालं नाही तर उपाशी मरतात. त्यामुळे अळीबरोबर तिचं झाडही ओळखावं लागतं. या सक्तीतूनच मेरियनची खरी देणगी आली. १६७९ साली तिनं ५० चित्रांचं पुस्तक काढलं. त्यात अळी, कोश आणि फुलपाखरू ही सगळी रूपं त्या अळीच्या खाद्य-झाडावरच दिसत होती. शाळेच्या भिंतीवर फुलपाखराच्या जीवनचक्राचा तक्ता असतो ना, त्या मांडणीची ही पणजी.

मग संसार मोडला. नवऱ्याला सोडून ती आई आणि मुलींसह नेदरलँड्समधल्या एका कडक धर्मपंथाच्या वसाहतीत राहायला गेली. तिथून १६९१ मध्ये ॲम्स्टरडॅम, वर्षभरात घटस्फोट. हे शहर म्हणजे जगाचं कोठार होतं. डच कंपन्यांची जहाजं पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून वाळवलेले प्राणी, शंख, फुलपाखरं आणत आणि श्रीमंतांच्या कपाटांत ती टाचून ठेवली जात. मेरियनला ती पाहायला मिळाली आणि तिचं समाधान होईना. किडा मेलेला, मांडणी सुरेख. पण तो आला कुठून, खातो काय, आधी कसा दिसत होता, याचा पत्ता नाही. आपण निघालो ते यामुळेच, असं तिनं पुढे स्वतः लिहून ठेवलं.

याच ॲम्स्टरडॅममध्ये त्या काळात 'हॉर्टस मलबारिकस' हा मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ छापला जात होता. त्याच्या पहिल्या खंडात कोचीनच्या रंगा भट, विनायक पंडित आणि आपू भट या कोकणी वैद्यांची ग्वाही नागरी लिपीत छापली आहे. त्या ग्रंथावर टिपा लिहिणाऱ्यांमध्ये यान कोमेलिन होता आणि त्याचा पुतण्या कास्पार यानं पुढे मेरियनच्या पुस्तकातल्या वनस्पतींवर टिपा लिहिल्या. कोकणी वैद्यांची सही आणि सुरिनामच्या अळ्या एकाच कुटुंबाच्या टेबलावरून गेल्या, हे मला फार गमतीचं वाटतं.

तर १६९९. तोवर आई वारली होती, थोरलीचं लग्न झालं होतं आणि जावयाचा सुरिनामशी व्यापार होता. घटस्फोट झालेला, हातात कसब, विकायला चित्रं, धाकटी चित्रकलेत तयार. साहस म्हणून आपण जे पाहतो, त्याच्या पाठीशी ३९ वर्षांच्या नोंदवह्या आणि एक नीट केलेला हिशेब होता.

सुरिनाममध्ये उसाचे मळे होते आणि ते आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या घामावर चालत. साखर सोडून ही बाई भलतंच काय शोधते आहे, म्हणून मळेवाले तिची थट्टा करत. पण तिचं कामही गुलामांवाचून झालं नाही. जंगल इतकं दाट की कुऱ्हाडी देऊन गुलामांना पुढे पाठवावं लागे, असं ती सरळ लिहिते. झाडांची, अळ्यांची कितीतरी माहिती तिला तिथल्या आदिवासी आणि आफ्रिकी बायकांनी दिली. त्यांची नावं मात्र तिनं नोंदवली नाहीत. तिच्या थोरवीतला हा काळा डाग पुसून टाकण्याचं कारण नाही.

याच बायकांकडून तिला एका झुडपाबद्दल कळलं. डच मालकांच्या छळामुळे, आपली मुलं गुलाम म्हणून जन्माला येऊ नयेत यासाठी, त्या त्याच्या बिया खाऊन गर्भ पाडत. हे झुडूप आपल्या ओळखीचं आहे: शाळांच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या कुंपणाशी लाल-पिवळ्या तुऱ्यांनी डवरलेला शंकासुर. तिच्या पुस्तकातली इतर झाडंही अशीच घरची निघतात. पहिलंच चित्र अननसाचं, त्यावर झुरळं. पुढे पेरू, पपई, काजू, रताळं, मिरची आणि ज्याच्या कंदापासून आपला उपासाचा साबुदाणा होतो तो कसावा. कोकणातली अर्धी परसबागच ही.

तापानं आणि उकाड्यानं खंगून १७०१ मध्ये ती परतली. १७०५ साली ६० चित्रांचं पुस्तक स्वतः प्रकाशित केलं, पैशासाठी वाळवलेले नमुने विकले. पुस्तकातल्या एका चित्रात पेरूच्या फांदीवर केसाळ कोळी हमिंगबर्डला खातो आहे. एकोणिसाव्या शतकातल्या टीकाकारांनी ही बाईची कल्पना म्हणून उडवून लावली. मग १८६३ मध्ये हेन्री बेट्स या निसर्गअभ्यासकानं ॲमेझॉनच्या खोऱ्यात असा कोळी पक्ष्यावर बसलेला पाहिल्याचं लिहिलं. वर्गीकरणशास्त्रज्ञ लिनियसनं तर तिच्या चित्रांच्या आधारे जातींना नावंही दिली होती. अर्थात ती चुकलीही. हमिंगबर्डच्या घरट्यात तिनं चार अंडी काढली, असतात दोन. एका किड्याचं डोकं रात्री इतकं उजळतं की वर्तमानपत्र वाचता येईल, असं ती लिहून गेली. तो किडा मुळीच उजळत नाही.

आणि ज्या गोष्टीनं तिला आयुष्यभर वेड लावलं, ती तिच्या कल्पनेपलीकडची निघाली. कोशात अळीला नुसते पंख फुटत नाहीत. तिच्या शरीराचा बराचसा भाग अक्षरशः विरघळतो. पंख, पाय, डोळे तयार होतात ते पेशींच्या चिमुकल्या चकत्यांपासून, आणि या चकत्या अळीच्या अंगात आधीपासूनच असतात. मग अळीचं काही उरतं का? अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये याचं उत्तर प्रसिद्ध केलं. तंबाखूच्या झाडावरच्या एका अळीला विशिष्ट वास देऊन हलका विजेचा झटका दिला. ती तो वास टाळायला शिकली. शेवटच्या अवस्थेत हे शिकलेल्या अळ्यांचे पतंग झाले, तेव्हा तेही तो वास टाळत होते. शरीर मोडून नवं झालं, पण शिकलेलं शाबूत राहिलं.

मेरियनला १७१५ च्या सुमारास पक्षाघात झाला आणि १७१७ मध्ये ती गरिबीतच गेली. रशियाच्या पीटर द ग्रेटनं तिची चित्रं विकत घेतली. डोरोथेआ सेंट पीटर्सबर्गला जाऊन तिथल्या विज्ञान अकादमीत चित्रकार झाली, आणि डोरोथेआची मुलगी सालोमे पुढे गणितज्ञ ऑयलरची दुसरी बायको. थोरली लेक सुरिनामला जाऊन राहिली. युरो येण्याआधीच्या जर्मनीत ५०० मार्कच्या नोटेवर मारियाचा चेहरा होता.

तिची चित्रं आज मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर फुकट पाहता येतात, जरूर पाहा. आणि तुमची निवृत्ती जवळ आली असेल, तर पावसाळ्यात कुंडीतल्या कढीपत्त्यावर किंवा लिंबाच्या झाडावर नजर ठेवा. लहानपणी पक्ष्याच्या शिटेसारखी आणि मोठी झाल्यावर हिरवीगार दिसणारी अळी सापडेल. ती झटकू नका. काचेच्या बरणीत ठेवा, तोंडाला जाळीचं कापड बांधा, रोज त्याच झाडाची ताजी पानं घाला आणि पहिल्या दिवसाची तारीख वहीत लिहा.